घोडा पाळणे, शिकवणे आणि सांभाळायला ठेवणे : कायद्याचे आणि पैशाचे प्रश्न (ठाणे, नवी मुंबई)

कोलशेतकर

नमस्कार. लग्नाच्या वरातीसाठी घोडी देण्याचा आमचा घरचा व्यवसाय आहे. आजोबांच्या काळी कोलशेत आणि बाळकुमकडे मोकळी जागा भरपूर होती. आता पागेच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या असून लिदीच्या वासाबद्दल शेजारच्या संकुलातून तक्रारी येतात, आणि त्या खोट्या आहेत असे मला म्हणता येणार नाही. लग्नसराई संपली की उत्पन्न थांबते. चंदी (घोड्याचा दाणा), लसूणघास, नालबंद आणि घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा पगार मात्र चातुर्मासातही चालूच राहतो.

म्हणून पनवेलच्या पुढे नात्यातल्या एका शेतकऱ्याची जागा भाड्याने घेऊन मुलांना घोडेस्वारी शिकवावी, आणि ज्यांच्याकडे घोडा आहे पण पागा नाही अशांचे घोडे महिन्याच्या शुल्कावर सांभाळावेत, असा विचार आहे. सध्या एक पांढरी नुकरा घोडी आणि तांबूस रंगाचा एक मारवाडी कुमैत घोडा आहे. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एखादा घोडाही घ्यायचा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. शिकताना मूल पडले तर माझी जबाबदारी किती? एका परिचिताने मला ‘अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असा एका ओळीचा अर्ज दिला आहे, तो पुरेसा आहे का? दुसऱ्याचा घोडा माझ्या पागेत दगावला तर काय होईल? विमा, जीएसटी आणि परवाने यांचे काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. आमच्या धंद्यात जनावर पारखणारी माणसे पुष्कळ आहेत; कागद पारखणारे मात्र मला अजून कोणी भेटलेले नाही.

खारघरची_आई

माझी मुलगी घोडेस्वारी शिकते. पालक म्हणून एवढेच सांगते की तो एका ओळीचा अर्ज आम्ही सगळेच न वाचता सही करून देतो. मला त्यापेक्षा शिरस्त्राण मापाचे आहे का, पहिले काही महिने लगाम शिक्षकाच्या हातात असतो का, आणि घोडा त्या दिवशी आधीच किती वेळ चालला आहे, हे जाणून घ्यायचे असते. विचारल्यावर नीट उत्तर देणारी जागा मिळाली तर शुल्क थोडे जास्त असले तरी आम्ही तिथेच जातो.

नेरूळ_वकील

कोलशेतकर, तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यावर बाकीचे पुष्कळ अवलंबून आहे.

तो एका ओळीचा अर्ज तुम्हाला वाटतो तेवढे संरक्षण देत नाही. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या, मुलाने केलेला करार मुळातच करार ठरत नाही, आणि पालकाने सही केली म्हणून तुमच्या निष्काळजीपणाबद्दलचा मुलाचा हक्क पुसला जात नाही. खोगिराचा तंग जुना होऊन तुटला, किंवा बुजणारा घोडा नवशिक्याला दिला, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगापुढे येऊ शकते. अर्ज जरूर घ्या, पण त्यात घोडेस्वारीतले धोके स्पष्ट लिहा, मुलाचे आजार आणि आधीचा अनुभव विचारा, आणि तातडीच्या उपचारांसाठी पालकांची संमती घ्या. असा अर्ज न्यायालयात तुमची काळजी दाखवतो. जबाबदारी नाकारणारी कोरडी ओळ तेवढे करू शकत नाही.

आता भाड्याने घोडा देण्याबद्दल. 1872 चा भारतीय करार कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोडे सतत होते, असे त्यातील उदाहरणे वाचताना जाणवते. कलम 150 मधील उदाहरणात एक जण आपला खोडकर घोडा दुसऱ्याला वापरायला देतो आणि त्याची खोड सांगत नाही. घोडा उधळतो, स्वार पडून जखमी होतो, आणि घोडा देणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की वस्तू भाड्याने दिली असेल तर तिच्यातला दोष देणाऱ्याला माहीत असो वा नसो, नुकसान त्याच्याकडून वसूल होते. म्हणजे मैत्रीने घोडा देणाऱ्यापेक्षा भाडे घेणाऱ्याची जबाबदारी कायद्याने अधिक कडक केली आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर तुमच्या व्यवसायात चालणार नाही.

सांभाळायला घेतलेल्या घोड्यांबद्दल रात्री लिहिते.

घणसोली_गावठाण

वकीलताई, एवढे सगळे पाहायचे तर छोट्या माणसाने धंदा करायचाच नाही का? माझे मामा कित्येक वर्षे वरातीला घोडी देत आले आहेत, त्यांनी आयुष्यात एकही कागद केला नाही आणि कधी कोणाशी वाद झाला नाही. शब्दावर व्यवहार चालतो.

नेरूळ_वकील

दादा, वाद झाला नाही याचा मलाही आनंद आहे. पण वरातीत फटाक्याच्या माळेने घोडी उधळली आणि एखादी म्हातारी खाली आली, तर मामांचा शब्द नेमका कोणाशी झालेला असेल? बँडवाल्याशी, हॉल चालवणाऱ्याशी की वधूपक्षाशी? जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे गुन्हा आहे; त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घोडीच्या तोंडासमोर फटाके फोडणार नाही, ध्वनिवर्धकाची गाडी तिच्या लगत लावणार नाही, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबवणार नाही, एवढ्या चार ओळी पावतीच्या मागे छापून त्यावर यजमानाची सही घेण्याला खर्च नाही. छोट्या माणसालाच याची गरज जास्त असते, कारण एका दाव्याचा खर्च तोच पेलू शकत नाही.

पशुवैद्य_कल्याण

वरातीच्या घोड्यांवर मी नेहमी उपचार करतो, म्हणून वरच्या मुद्द्याला जोडून लिहितो. डांबरी रस्त्यावर तासन् तास उभ्या राहिलेल्या घोडीचा पाय उचलून पाहावा. खुराची कड चिरलेली असते, नाल एका बाजूने झिजलेला असतो, आणि बोटाने दाबले की ती पाय झटक्याने ओढून घेते. मालकाला हे दिसत नाही असे नसते, पण पुढच्या मुहूर्ताची आगाऊ रक्कम घेतलेली असते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा सर्वांना ऐकून माहीत आहे. त्याखालचे ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांचे 1965 चे नियम मात्र फार थोड्यांनी वाचलेले असतात. बग्गीला जुंपलेल्या घोड्यालाही ते लागू होतात. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात काम नाही. काटेरी लगामही या नियमांनी बंद आहे. ठाण्यात एप्रिल-मेमधल्या दुपारच्या वराती या नियमात किती वेळा बसतात, याचा विचार मालकांनी करावा.

दुसरी गोष्ट ग्लँडर्सची. हा जीवाणूजन्य रोग घोड्याकडून माणसाला होऊ शकतो, त्यावर जनावराला उपचार दिले जात नाहीत, आणि सरकारी चाचणीत रोग निश्चित झाला तर 2009 च्या साथरोग नियंत्रण कायद्याप्रमाणे त्या घोड्याला वेदनारहित मरण द्यावे लागते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात नमुने तपासले जातात. सरकार भरपाई देते, परंतु चांगल्या घोड्याच्या बाजारभावाच्या मानाने ती फार थोडी असते. त्या काळात परिसरातली घोड्यांची ने-आण थांबते, म्हणजे रोग दुसऱ्याच्या पागेत निघाला तरी तुमचे उत्पन्न बंद होते. दुसऱ्यांचे घोडे ठेवून घेणार असाल तर तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय नवा घोडा आत घेऊ नका, आणि आल्यावर काही आठवडे वेगळ्या ठाणावर (बांधण्याच्या जागी), वेगळ्या बादलीने, शक्य झाल्यास वेगळ्या मोतद्दाराकडून त्याची व्यवस्था करा. करारात ही अट असेल तर घोडेमालकाला नाही म्हणणे सोपे जाते.

नौपाडा_लेखापाल

कराचा भाग मी लिहितो.

वस्तू व सेवा कराच्या कायद्यात घोड्याला इतर पशुधनापासून मुद्दाम वेगळे ठेवले आहे. पशुपालनाच्या ज्या सेवांना करमाफी आहे, तिथे ‘घोडे पाळणे वगळून’ असे शब्द आहेत. पशुधनाच्या कृत्रिम रेतनाच्या सेवेलाही माफी आहे, पण घोड्यांना नाही. जिवंत घोड्याच्या विक्रीवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. गाढव आणि खेचर यांच्यावर तो आधीपासूनच शून्य आहे. तेव्हा ‘आम्ही शेतकरी, जनावरे पाळतो, आम्हाला कर नाही’ हे गृहीत धरू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेला मात्र माफी आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या उपचारांच्या बिलावर कर लागणार नाही.

घोडेस्वारी शिकवणे, घोडी वरातीला देणे, घोडा सांभाळणे या सर्व सेवा आहेत. वर्षाची एकूण उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक नाही. त्यापुढे गेलात तर 18 टक्क्यांचा नेहमीचा दर धरून शुल्क ठरवा. तीन घोड्यांच्या पागेची उलाढाल सुरुवातीला तिथवर जाणार नाही, पण वराती, शिकवणी आणि सांभाळ या तिन्हींचे पैसे एकाच मालकाचे असल्याने एकत्र मोजले जातात, हे लक्षात असू द्या. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत खेळाचे प्रशिक्षण दिल्यास त्याला माफी आहे. केवळ कर वाचवण्यासाठी संस्था काढू नका, तिचे नियम पाळणे हे वेगळे काम आहे.

प्राप्तिकरात एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. घोड्यावर घसारा मिळत नाही, कारण 1961 च्या कायद्यातील यंत्रसामग्रीच्या व्याख्येतून पशुधन वगळलेले होते. त्याऐवजी धंद्यात वापरलेला घोडा मेला किंवा कायमचा निकामी झाला, तर त्याची मूळ खरेदी किंमत आणि त्यापोटी काही मिळाले असल्यास ती रक्कम, यांतला फरक त्या वर्षी खर्च म्हणून वजा होतो. नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, तेव्हा तेवढे तपासून घ्या. आता यात अडचण अशी की खरेदीची पावतीच नसेल तर मूळ किंमत सिद्ध कशाने करणार? सारंगखेड्याच्या बाजारात रोखीने घोडा घेऊन येणाऱ्यांना मी हेच विचारतो. शिवाय उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून कर भरण्याची सोपी पद्धत निवडली असेल, तर घोड्याच्या मृत्यूचा हा खर्च वेगळा मागता येत नाही. ज्या व्यवसायात एका पोटशुळाच्या रात्री मोठे भांडवल जाऊ शकते, त्यात ती सोय निवडण्याआधी दोनदा विचार करावा.

भूतदया_वागळे

मी कित्येक वर्षे जखमी प्राण्यांसाठी काम करते आणि माझे मत इथे कोणाला आवडणार नाही, तरी ते मांडणे मला आवश्यक वाटते. शहरात घोडा ठेवूच नये. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा त्या घोड्यांच्या तबेल्यांची अवस्था आणि परवान्यांचा अभाव हाच विषय होता. तो निर्णय मुंबईपुरता होता, पण त्यात दिसलेली स्थिती ठाण्यात नाही असे कोण म्हणेल?

दंडाविषयीही लिहिते. 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे, हे वाचून पुष्कळ मालक निर्धास्त होतात. मात्र घोडा जप्त झाला तर 2017 च्या नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंत त्याच्या देखभालीचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो, आणि खटला पन्नास रुपयांच्या वेगाने चालत नाही.

कोलशेतकर

भूतदयाताई, तुमच्या मताचा मी आदर करतो. मी शहरातून बाहेर पडण्याचाच मार्ग शोधतो आहे. परंतु एक प्रश्न तुम्हालाही विचारतो. व्हिक्टोरिया बंद झाल्यावर त्या घोड्यांचे आणि त्यांच्या मोतद्दारांचे काय झाले, याची काळजी तेवढ्याच जोराने कोणी वाहिली का? घोडा पंचवीस वर्षे जगतो. काम गेले म्हणून त्याची भूक जात नाही.

भूतदया_वागळे

प्रश्न योग्य आहे. पुनर्वसनाशिवाय बंदी अपुरी असते, हे मी मान्य करते. म्हणूनच जो कोणी आज घोडा विकत घेतो, त्याने त्याच्या म्हातारपणाची तरतूद त्याच दिवशी सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. सबळ कारणाशिवाय जनावर उपासमारीच्या स्थितीत सोडून देणे हीदेखील कायद्याने क्रूरताच आहे, आणि घोडबंदर रस्त्याच्या कडेला रात्री सोडलेली तट्टे आम्ही उचलली आहेत.

नेरळकर

माझे सासर नेरळचे आणि दीर माथेरानला घोडा चालवतात. तिथे मोटारींना बंदी असल्याने घोडा हे वाहन आहे, त्यामुळे घोड्यांना परवाना, क्रमांक आणि ठरवून दिलेले दर, ही शिस्त आधीपासून आहे. ई-रिक्षा सुरू झाल्यावर उत्पन्नाची धास्ती तिथल्या घोडेवाल्यांनाही आहे. पण परवान्याचा एक फायदा सांगते. दीर कुठल्याही सरकारी कार्यालयात गेले की आपण कोण आणि आपला घोडा कोणता, हे कागदावर दाखवू शकतात. वरातीच्या घोडेवाल्यांकडे तसे काहीच नसते, आणि मदतीच्या यादीत नाव यायचे तर आधी कुठेतरी नाव असावे लागते.

उरण_पनवेल_सातबारा

जागेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. कोलशेतकर, तुमच्या नातेवाइकाची जमीन सातबाऱ्यावर शेतीची असेल तर तिथे शुल्क घेऊन शिकवणी चालवणे हा बिगरशेती वापर ठरू शकतो. अकृषिक वापराची परवानगी लागेल का, आणि लागल्यास कोणाकडून, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. पनवेल तालुक्यातील पुष्कळ गावे नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजित विकासाच्या) क्षेत्रात येतात आणि तिथे बांधकाम परवानगी सिडको देते, त्यामुळे ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन पत्र्याची पागा उभारली तर ती उद्या अनधिकृत ठरू शकते. महापालिका हद्दीत तर तबेल्यासाठी पालिकेची परवानगी वेगळी पाहावी लागेल. येऊरचा विचार कोणी करत असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र 2016 मध्ये अधिसूचित झालेले आहे, हे ध्यानात ठेवा.

भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृतच हवा. नात्यात हे बोलायला संकोच वाटतो, पण काकांच्या पश्चात त्यांच्या मुलांनी जागा रिकामी करायला सांगितली तर घोडे एका दिवसात कुठे नेणार? आणि विमानतळाच्या बाजूची जागा पाहात असाल तर आधी तिथे एक घोडा उभा करून पाहा. वरून विमान गेल्यावर तो कसा वागतो, ते करारापेक्षा आधी कळलेले बरे.

नेरूळ_वकील

राहिलेला भाग लिहिते. सांभाळायला घेतलेला घोडा करार कायद्याच्या भाषेत निक्षेप, म्हणजे परत देण्याच्या बोलीवर ताब्यात घेतलेली दुसऱ्याची वस्तू, आहे. समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घेतली पाहिजे, असे कलम 151 सांगते. तेवढी घेऊनही घोडा पोटशुळाने गेला तर तुम्ही जबाबदार नाही. मात्र काळजी घेतली हे दाखवावे लागेल. त्यासाठी पागेत रोजची वही ठेवा. चंदी किती वाजता दिली, लीद कशी होती, पाणी किती प्याला, डॉक्टरांना फोन कधी केला. मोतद्दाराच्या हातची वेडीवाकडी नोंदही त्याच दिवशी केलेली असेल तर तिला वजन असते.

शुल्क थकले तर घोडा अडवून ठेवता येईल का, हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कलम 170 प्रमाणे वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करून तिच्यात भर घालणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. घोड्याला शिकवून तयार करणारा प्रशिक्षक त्यात बसू शकतो. नुसते ठाण, चारा आणि खरारा देणारा बसेलच असे नाही. म्हणून थकबाकीपोटी घोडा तारण राहील आणि ठरावीक मुदतीच्या सूचनेनंतर विकता येईल, हे करारात स्वच्छ लिहून घ्या. एक गोष्ट मात्र कुठल्याही करारात करता येत नाही. पैसे आले नाहीत म्हणून चंदी थांबवता येत नाही. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर त्याच्या देखभालीचे कर्तव्य 1960 च्या कायद्याचे कलम 3 टाकते. त्यामुळे दोन महिन्यांचे शुल्क अनामत म्हणून आधीच घ्या.

सांभाळायला आलेली घोडी गाभण निघाली तर शिंगरू कोणाचे, हेही विचारले जाते. करारात वेगळे लिहिले नसेल तर ते घोडीच्या मालकाचे. करार कायद्याच्या कलम 163 मध्ये गाय आणि वासराचे उदाहरण देऊन हे सांगितले आहे.

विमा_वाशी

विम्याबद्दल थोडे लिहितो, कारण लोक एकाच पॉलिसीत सगळे येते असे समजतात. घोड्याच्या मृत्यूचा विमा वेगळा, स्वार किंवा तिऱ्हाइताला इजा झाल्यास लागणारा दायित्व विमा वेगळा, आणि मोतद्दाराला लाथ लागून तो जायबंदी झाला तर मालकावर येणाऱ्या भरपाईचा विमा वेगळा. अर्जात घोड्याचा उपयोग खरा लिहा. ‘पाळीव’ लिहून शिकवणीत वापरला तर दावा फेटाळण्याचे कारण तुम्ही स्वतःच पुरवता.

दाव्याच्या वेळी सर्वांत जास्त वाद होतो तो मेलेला घोडा हाच विमा काढलेला घोडा का, यावर. मायक्रोचिप बसवून घ्या. दोन्ही बाजूंचे, समोरून आणि चारही पायांचे छायाचित्र काढा. बाजारात देवमन आणि अंगावरच्या केसांचे इतर भोवरे शकुनासाठी पाहतात. पशुवैद्य तेच भोवरे ओळखीसाठी नोंदवतात, कारण त्यांची जागा जन्मभर बदलत नाही. घोडा गेला तर आधी कंपनीला कळवा, शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका.

राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 च्या बदलांनंतर पशुविम्याच्या हप्त्यात लाभार्थ्याचा वाटा 15 टक्क्यांवर आला आहे. घोडे, गाढवे, खेचरे आणि उंट यांच्या उद्योगासाठी भांडवलाच्या 50 टक्के, 50 लाख रुपयांपर्यंत अनुदानही त्याच वेळी आले. ते पैदाशीच्या उद्योगासाठी आहे, शिकवणीच्या शाळेसाठी नाही. विम्याबद्दल मात्र तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना जरूर भेटा.

कळवा_नाका

घोडा रस्त्याने नेताना टेम्पोने धडक दिली तर? आमच्या ओळखीत असे झाले आणि टेम्पोवाल्याने हजार रुपये देऊन विषय मिटवला. घोडी पुढे कायमची लंगडी झाली.

नेरूळ_वकील

जागेवर तडजोड करू नये. पोलिसांत नोंद आणि पंचनामा करून घ्यावा, पशुवैद्याचा दाखला घ्यावा. तिऱ्हाइताच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता येते. घोडा कायद्याने मालमत्ता आहे, ही गोष्ट भूतदयाताईंना खटकेल, पण अशा प्रसंगी घोड्याच्या उपचारांचा खर्च त्याच वाटेने मिळतो.

भूतदया_वागळे

खटकते, तरीही उपचार व्हावेत म्हणून ती वाट जरूर वापरावी.

मुरबाड_स्वार

खरेदीबद्दल मला सांगायचे आहे. रेसकोर्सवरून निघालेला घोडा दिसायला देखणा आणि अनेकदा स्वस्त मिळतो, पण तो कशामुळे निवृत्त झाला हे आधी शोधा. कठीण जमिनीवर लहान वर्तुळात दोन्ही बाजूंनी दुडक्या चालीने फिरवा आणि डोक्याकडे पाहा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर उचलले जाते. वेदनाशामक देऊन लंगड लपवता येते, म्हणून एकदा पाहून पैसे देऊ नका. काही दिवसांनी न कळवता पुन्हा जा. विकणाऱ्याने दोष सांगायला हवा की नाही, यावर वकीलताईंनी लिहावे.

नेरूळ_वकील

यावरही करार कायद्यात घोड्याचेच उदाहरण आहे. कलम 17 प्रमाणे लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प राहिला तर ती लबाडी नव्हे. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन’, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. म्हणून विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा की घोडा नवशिक्या मुलांना शिकवण्यासाठी हवा आहे, त्याला लंगड, पोटशुळाचा इतिहास, चावण्याची किंवा उधळण्याची खोड आहे का. उपयोग आधी सांगितलेला असेल तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची अट 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे विक्रेत्यावर येऊ शकते. पावतीवर घोड्याचे वर्णन, चिपचा क्रमांक आणि किंमत लिहून घ्या. लेखापालांनी सांगितलेली अडचणही त्याच पावतीने सुटेल.

घणसोली_गावठाण

मामांना हा धागा वाचून दाखवला. पावतीमागच्या चार ओळी त्यांना पटल्या आहेत. अनामत मात्र कोणी देणार नाही, असे ते म्हणतात, आणि मलाही तसेच वाटते.

कोलशेतकर

सर्वांचे मनापासून आभार. आता मी असे ठरवतो आहे. जागेचा नोंदणीकृत करार आणि बिगरशेती वापराचे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पागा हलवायची नाही. शिकवणी आमच्याच दोन घोड्यांवर सुरू करायची. दोन्ही शांत आहेत आणि त्यांच्या खोडी मला ठाऊक आहेत. तिसरा घोडा नंतर घेऊ. दुसऱ्यांचे घोडे वेगळे ठाण बांधून झाल्यावरच घेऊ, आणि त्यांच्याकडून अनामत घेणारच. घणसोलीदादा, मामांना सांगा, जो दोन महिन्यांचे पैसे आधी देऊ शकत नाही, तो घोड्याच्या आजारपणाचा खर्च कसा देणार?

एक प्रश्न उरला आहे. ठेवलेल्या घोड्याला रात्री दोन वाजता पोटशूळ उठला, मालक परगावी असून फोन उचलत नाही, आणि डॉक्टर म्हणाले की शस्त्रक्रिया करा किंवा वेदनारहित मरण देऊन त्याला सोडवा, तर निर्णय कोणाचा?

पशुवैद्य_कल्याण

हा प्रसंग मी पाहिलेला आहे. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असे मोतद्दाराला सांगून ठेवलेले होते, आणि सकाळपर्यंत घोडा जमिनीवर लोळत, दाताने स्वतःची कूस चावत राहिला. करारात दोन फोन क्रमांक घ्या आणि उपचारांच्या खर्चाची मर्यादा आकड्यात लिहा. त्या मर्यादेपर्यंत पागेने न विचारता उपचार करावेत, एवढे ठरलेले असले तर मला सुई काढायला उशीर होत नाही.

नेरूळ_वकील

त्याला जोडून आणखी एक कलम घाला. ठरावीक वेळात दोन्ही क्रमांकांवर संपर्क झाला नाही आणि नोंदणीकृत पशुवैद्याने घोडा वाचणार नाही व त्याला जिवंत ठेवणे क्रूरतेचे ठरेल असे लेखी दिले, तर त्याला वेदनारहित मरण देण्याचा अधिकार पागेला राहील. मालकाची याला संमती नसेल तर तो घोडा ठेवून घेऊ नका. विमा असेल तर हे कलम कंपनीला आधीच दाखवून तिचे उत्तर लेखी घ्या, नाहीतर घोडा गेल्यावर दाव्यावरून वाद उभा राहील. मसुदा तयार झाला की मला संदेश पाठवा, वाचून देते.